ख्रिस्ती विद्यालयाची योजना आणि नव्या विद्येची भाषा

भारतातील ख्रिस्ती शिक्षणसंस्थांचा इतिहास बहुधा दोन प्रकारांनी लिहिला गेला आहे. एका प्रकारात या संस्था धर्मप्रसाराची साधने ठरतात, दुसऱ्यात नवशिक्षणाची प्रवेशद्वारे. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. परंपरा ती येथली, जुनी, संस्कृताची वा देशभाषेची. आणि नवता ती बाहेरून आलेली, इंग्रजीतली. ज्यांनी या विद्यालयांचे आराखडे प्रथम कागदावर मांडले, त्यांच्यापुढील प्रश्न मात्र इतका सरळ नव्हता. मिशनलाही तिची स्वतःची परंपरा होती. शास्त्रपठण, प्रवचन आणि उपदेशकांची तयारी यांभोवती ती बांधलेली होती, आणि तिच्या दृष्टीने पाणिनीचे व्याकरण ही तितकीच मोठी नवलाई होती जितकी एखाद्या पंडिताच्या दृष्टीने रसायनविद्या. त्यामुळे काय राखावयाचे आणि काय नव्याने आणावयाचे याचा निर्णय प्रत्येक योजनेत वेगळा झाला. हा निर्णय जेथे खऱ्या अर्थाने झाला ते स्थळ म्हणजे भाषा. अधिक नेमके बोलावयाचे तर, नवी विद्या कोणत्या भाषेत सांगावयाची हा प्रश्न. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने या योजनांकडे वळावे ते याच कारणासाठी.

पहिली महत्त्वाची योजना बंगालमधील श्रीरामपूर येथे १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तिघे बॅप्टिस्ट मिशनरी १८०० पासून तेथे काम करीत होते. मराठीच्या इतिहासात केरीचे नाव अपरिचित नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत असताना त्याने वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठीचे काम उभे केले. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपात छापलेला मराठी कोश बाहेर पडला. मराठी मुद्रित गद्याचे हे आरंभीचे पर्व महाराष्ट्राबाहेर, गंगेच्या एका फाट्याच्या काठी घडले. महाविद्यालयाच्या योजनेमागे भाषांविषयीचा हा सगळा अनुभव होता.

योजनेच्या शीर्षकातच तिचे दुहेरी स्वरूप उघड होते. आशियाई ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकविणारे महाविद्यालय, असा त्याचा आशय आहे. ‘इतर’ हा शब्द तेथे सहज आलेला नाही. प्रवेश केवळ ख्रिस्ती विद्यार्थ्यांपुरता नव्हता, आणि पुढे १८३३ च्या नियमावलीत जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणालाही प्रवेश नाकारला जाऊ नये असे स्पष्ट नमूद झाले. अभ्यासक्रमाचा पाया संस्कृत होता. ख्रिस्ती झालेल्या तरुणाला संस्कृत आले नाही, तर देशातील विद्वानांशी त्याला बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, आणि आपल्याच समाजात तो परका ठरेल, ही त्यामागची भूमिका होती. इंग्रजी वगळलेले नव्हते. परंतु ते सर्वांसाठी नव्हते आणि आरंभालाही नव्हते. संस्कृताने ज्याची बुद्धी तयार झाली आहे अशा निवडक विद्यार्थ्याने पुढे इंग्रजी शिकावे आणि तेथले ज्ञान आपल्या भाषेत आणावे, असा तो क्रम होता.

हा क्रम कागदावरच राहिला असता तर त्याचे महत्त्व मर्यादित असते. पण श्रीरामपूरच्या छापखान्याने तो अंशतः प्रत्यक्षात आणला. योजनेच्याच वर्षी ‘दिग्दर्शन’ आणि ‘समाचार दर्पण’ ही बंगाली नियतकालिके निघाली. केरीचा मुलगा फेलिक्स याने शरीररचनाशास्त्रावरचा ‘विद्याहारावली’ हा बंगाली ग्रंथ सिद्ध केला. महाविद्यालयात विज्ञान शिकविणाऱ्या जॉन मॅकचे ‘किमियाविद्यार सार’ हे रसायनशास्त्राचे पुस्तक १८३४ मध्ये इंग्रजी आणि बंगाली अशा दोन्ही पाठांसह छापले गेले. या पुस्तकांची परिभाषा पुढे फार टिकली नाही, हे खरे आहे. परंतु संस्कृत धातूंवरून पारिभाषिक शब्द घडवून ते बंगाली वाक्यात बसविण्याचा जो प्रयत्न त्यांत दिसतो, तो करण्यासाठी संस्कृत जाणणारा पंडित, विज्ञान जाणणारा शिक्षक आणि छापखाना या तिन्ही गोष्टी एका आवारात असाव्या लागतात. तशी सोय त्या काळी भारतात फारच थोड्या ठिकाणी होती. म्हणून या योजनेतले संस्कृत म्हणजे केवळ जुन्याला दिलेला मान होता, असे समजणे चुकीचे ठरेल. नव्या विद्येला लागणारे शब्द जेथून काढावयाचे ती ती खाण होती.

विरोध कोठून झाला हेही पाहण्यासारखे आहे. पंडितांपेक्षा तो मिशनच्या स्वतःच्या पाठीराख्यांकडून अधिक झाला. इंग्लंडमधील समर्थकांना संस्कृत व विज्ञान शिकविणारे महाविद्यालय हे सुवार्ताकार्यापासून ढळणे वाटत होते. वॉर्डने अमेरिकेत निधी गोळा केला तेव्हा तेथील देणगीदारांनी हा पैसा विज्ञान शिकविण्याकडे खर्चू नये अशी अट घातली, आणि या अटीने केरी व्यथित झाला. १८२७ मध्ये श्रीरामपूरकर आणि त्यांची मातृसंस्था यांची फारकत झाली. त्याच वर्षी डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने महाविद्यालयाला पदवी देण्याचा अधिकार देणारी सनद दिली. एका हाताने आधार निसटला आणि दुसऱ्या हाताने प्रतिष्ठा आली. पण राजाची सनद शिक्षकांचे वेतन भागवीत नाही. १८३४ मध्ये केरी गेला, १८३७ मध्ये मार्शमन. श्रीरामपूर १८४५ मध्ये इंग्रजांना विकले गेले तरी सनदेतील अधिकार अबाधित राहिले. परंतु तोवर विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा ओघ दुसरीकडे वळला होता.

तो वळला होता कलकत्त्याकडे. १३ जुलै १८३० रोजी स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ याने राममोहन रॉय यांच्या साह्याने तेथे इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. शाळा काढण्यापूर्वी तो श्रीरामपुरास जाऊन वृद्ध केरीला भेटला होता. मात्र त्याने निवडलेला मार्ग अगदी निराळा होता. डफची मांडणी आकर्षक होती आणि तिच्यात एक रोखठोकपणा होता. विज्ञान आणि धर्म ही दोन्ही एकाच भाषेतून, म्हणजे इंग्रजीतून, वरच्या वर्गातील तरुणांना द्यावीत. ते ज्ञान खाली आपोआप झिरपेल. संस्कृताच्या दीर्घ तयारीची त्यात गरज नव्हती, परिभाषेच्या खटपटीचीही नव्हती. कचेऱ्यांमध्ये इंग्रजीला भाव येऊ लागला होता आणि १८३५ मध्ये सरकारचे धोरणही त्याच बाजूला झुकले. शाळा पहिल्या दिवसापासून गर्दीची ठरली. एका अर्थाने डफचा अंदाज अचूक होता, आणि केवळ टिकाव हा निकष लावला तर त्याची योजना श्रीरामपूरपेक्षा सरस म्हणावी लागेल.

साहित्याच्या बाजूने हिशेब मात्र वेगळा लागतो. डफच्या शाळेत घडलेल्या लालबिहारी डे यांनी बंगालच्या खेड्यातील शेतकऱ्याचे जीवन आणि तेथील लोककथा यांवर लिहिले. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत. लोककथांचा संग्रह १८८३ चा आहे. ज्या कथा त्यांनी लहानपणी बंगालीत ऐकल्या, त्या कागदावर उतरताना दुसऱ्या भाषेच्या झाल्या. याचा दोष लेखकावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या शिक्षणाने त्याला गंभीर लेखनासाठी जी भाषा दिली ती हीच होती. डफच्या प्रभावाखाली १८३२ मध्ये ख्रिस्ती झालेल्या कृष्णमोहन बंद्योपाध्याय यांनी ‘विद्याकल्पद्रुम’ हा बंगाली-इंग्रजी ज्ञानकोश रचला हे येथे अपवाद म्हणून सांगितले पाहिजे. परंतु त्यांचे मूळ शिक्षण डफच्या शाळेतले नव्हते.

मुंबईत याच सुमारास जॉन विल्सनने दोन्ही टोके धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. तो १८२९ मध्ये आला, मराठी शिकला, संस्कृत आणि झेंद यांचा अभ्यास केला. मराठी शाळा आणि १८३२ ची इंग्रजी शाळा, जिच्यापासून पुढे विल्सन कॉलेज वाढले, ही दोन्ही त्याच्या मिशनची. पण येथे योजनेला धक्का बसला तो भाषेमुळे नव्हे. १८३९ मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि वर्ग ओस पडले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने आईबापांच्या स्वाधीन केले, आणि त्याला जातीत परत घेण्यावरून ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. विद्यालयाचे भवितव्य योजणाऱ्याला आपण कोणाच्या मुलांविषयी निर्णय घेत आहोत याचे भान या दोन प्रसंगांनी आणून दिले. पालकाला शाळेतली विद्या हवी होती, शाळेचा धर्म नको होता. आणि मिशनला यांतले एक दुसऱ्यावाचून द्यावयाचे नव्हते. या ताणातून मराठीला जे मिळाले ते दोन्ही बाजूंनी मिळाले. बाबा पदमनजी मिशनच्या शाळांत शिकले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, आणि मराठी गद्याला एक अगदी निराळी धार देऊन गेले. मिशनच्या कोणत्याही आराखड्यात यांपैकी दुसऱ्या निष्पत्तीसाठी रकाना नव्हता.

परंपरा आणि नवता यांच्या तोलाचा सर्वांत बोलका प्रसंग मात्र मुंबईत वा कलकत्त्यात घडला नाही. तो अमेरिकन मिशनच्या इतिहासात, जाफना आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या दोन ठिकाणांच्या दरम्यान घडला. श्रीलंकेच्या उत्तरेस जाफन्याजवळ वट्टुक्कोट्टै येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये एक विद्यालय स्थापले. बॅट्टिकोटा सेमिनरी या नावाने ते ओळखले जाते. तेथे तमिळ आणि इंग्रजी, गणित, खगोल आणि बायबल ही सर्व एकाच वेळापत्रकात होती, आणि तमिळ हा तेथे केवळ खालच्या वर्गाचा विषय नव्हता. अभिजात तमिळ ग्रंथांना अभ्यासक्रमात स्थान होते. १८४१ मध्ये ‘उदयतारकै’ हे तमिळ-इंग्रजी नियतकालिक तेथील शिकलेल्या तरुणांच्या संपादनाखाली निघाले. त्याच्या पुढच्याच वर्षी अहमदनगरला त्याच मिशनच्या मराठी शाखेने ‘ज्ञानोदय’ सुरू केले, ही गोष्ट मराठी वाचकाला लक्षणीय वाटेल.

१८५४-५५ मध्ये मातृसंस्थेचे कार्यवाह रुफस अँडरसन हे एका सहकाऱ्यासह भारत व श्रीलंका येथील शाखांच्या पाहणीसाठी आले. अँडरसन हे साम्राज्यवादी वृत्तीचे गृहस्थ नव्हते. उलट देशी मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि आपला प्रसार आपणच करणारी व्हावी हा त्यांचा आग्रह होता, आणि आजही त्या विचाराचा गौरव होतो. या आग्रहातूनच त्यांनी ठरविले की मिशनच्या शाळा मातृभाषेच्या असाव्यात, त्यांचा हेतू उपदेशक व शिक्षक तयार करणे इतकाच असावा, आणि इंग्रजीच्या खर्चिक विद्यालयांना आवर घालावा. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी नोकरीकडे जातो आणि आपल्या लोकांपासून तुटतो, हे त्यांचे निरीक्षण निराधार नव्हते. १८५५ मध्ये बॅट्टिकोटा सेमिनरी बंद झाली. पश्चिम भारतातील शाखेलाही हेच धोरण लागू करण्यात आले. योगायोग असा की १८५४ च्याच जुलैमध्ये वूडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला होता. इतर मिशनांनी विस्तार आरंभिला त्या वर्षी या मिशनने आपला पसारा आखडता घेतला.

वरवर पाहता हा मातृभाषेचा विजय दिसतो, आणि कित्येकदा तसा तो सांगितलाही जातो. पण बारकाईने पाहिले तर अँडरसन यांनी तमिळ राखली आणि तिच्याजवळून नवी विद्या काढून घेतली. डफने नवी विद्या राखली होती आणि तिच्याजवळून बंगाली काढून घेतली होती. दोघांची दिशा विरुद्ध, परंतु तोडलेला सांधा एकच. बंद झालेल्या सेमिनरीने काय साधले होते ते दोनच वर्षांनी दिसले. १८५७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत तेथे शिकलेले दोघे होते, आणि त्यांपैकी सी. वै. दामोदरम् पिळ्ळै यांनी पुढे १८८० नंतरच्या दशकात ‘तोल्काप्पियम्’चा भाग, ‘वीरसोळियम्’ आणि ‘कलित्तोगै’ यांच्या संपादित आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. तमिळच्या अभिजात वाङ्मयाच्या पुनरुद्धारात उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. ताडपत्रांवरील पाठांची तुलना करून ग्रंथ छापण्यासाठी जी शिस्त आणि जी भाषानिष्ठा लागते, ती दोन्ही एका ख्रिस्ती विद्यालयाच्या वेळापत्रकात शेजारीशेजारी होती. दामोदरम् पिळ्ळै शैव म्हणूनच ओळखले जातात, हे येथे जोडावयास हवे. नोकरीकडे आणि आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे गेलेला विद्यार्थी अँडरसन यांच्या हिशेबात तोट्याच्या बाजूला पडला असता.

त्याच भागात, त्याच मिशनच्या छायेत, डॉ. सॅम्युएल ग्रीन यांनी वैद्यकाचे ग्रंथ तमिळमध्ये आणले आणि तमिळमधून वैद्य शिकविले. आरुमुग नावलर वेस्लियन मिशनच्या शाळेत शिकले, बायबलच्या तमिळ भाषांतरात त्यांनी साह्य केले आणि नंतर १८४८ मध्ये वण्णार्पण्णै येथे शैव मुलांसाठी शाळा काढली. तिची पाठ्यपुस्तके, वर्गरचना आणि छापखाना मिशनच्या शाळेवरून घेतलेली होती. परंपरेच्या रक्षणासाठी उभी राहिलेली ही शाळा तिच्या रचनेत त्या प्रदेशातील सर्वांत नव्या गोष्टींपैकी एक होती. जाफन्यातील विद्यालय पुढे १८७२ मध्ये स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या मागणीमुळे जाफना कॉलेज म्हणून पुन्हा उभे राहिले.

अहमदनगरकडे परत वळल्यास तेथे एका वेगळ्या योजनेचा ठसा दिसतो. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आल्या आणि नंतर अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. शाळा मराठी होत्या आणि त्यांतील सर्वांत नवी गोष्ट विषय नव्हता, विद्यार्थिनी होती. ती शाळा पाहून जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंच्या शिक्षणतयारीशीही फॅरारबाईंचे नाव जोडले जाते. मोठ्या आराखड्यांच्या इतिहासात या शाळेला पान मिळत नाही. अँडरसन यांच्या धोरणाची तिला फारशी झळ लागण्याचे कारणही नव्हते, कारण तिच्यात बंद करण्याजोगे इंग्रजी नव्हतेच.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाचा उल्लेख येथे थोडक्यात केला पाहिजे, कारण श्रीरामपूरची समस्या तेथे उलट्या बाजूने आली. ज्या विदुषीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिने आपल्या संस्थेतील मुलींसाठी बायबलचे भाषांतर हिब्रू व ग्रीकवरून करताना संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. केरीला संस्कृत बाहेरून जोडावयाचे होते. रमाबाईंना ते आपल्या अंगातून काढावयाचे होते. संस्थेतील स्त्रियांनी जुळविलेले आणि छापलेले ते भाषांतर १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, पूर्ण स्वरूपात बाहेर पडले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाची चौकट बदलली. राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम राज्याला लादता येणार नाही असा निर्णय दिला. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला, पण विषय आणि माध्यम यांतले अंतर त्यामुळे कमी झालेले नाही. परदेशातील कार्यवाह आता पाहणीस येत नाहीत. महाराष्ट्रातील जुन्या मिशनच्या मराठी शाळांचे भवितव्य आज येथीलच विश्वस्त ठरवितात, आणि त्यांच्यापुढे १८३० च्या कलकत्त्यातलाच पालक उभा असतो. त्याची निकड खोटी नाही. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाच्या बापाला परिभाषेच्या इतिहासात रस नसतो, आणि तो असावा अशी अपेक्षा करणे हा सुखवस्तूंचा उद्धटपणा होय.

या दोहोंमधली तडजोड म्हणून ‘सेमी-इंग्रजी’ ही पद्धत रूढ झाली आहे. इतर विषय मराठीतून. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. विद्यार्थी टिकतात, शाळेची पाटी मराठी राहते, संस्थापकांच्या इच्छेशी प्रतारणा झाली असे कोणाला म्हणता येत नाही. श्रीरामपूरच्या योजनेशी ही पद्धत ताडून पाहिली की तिचे स्वरूप स्पष्ट होते. तेथे विद्यार्थ्याने इंग्रजीत जावे आणि रसायन घेऊन आपल्या भाषेत परत यावे अशी कल्पना होती. येथे परतीची वाट वेळापत्रकात नाही. डफने जी रेषा दोन शाळांच्या मध्ये ओढली ती आता एकाच वर्गाच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासांच्या मध्ये आली आहे, आणि मराठीच्या वाट्याला कविता, इतिहास आणि प्रार्थना राहिली आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीत विज्ञान लिहीत आहे. तिचे साहित्य अशा शाळेच्या ग्रंथालयात असू शकते, पण ते कोणत्या तासाला उघडावयाचे हे कोणी ठरविलेले नसते. विज्ञानाचा एखादा धडा इंग्रजीत शिकविल्यानंतर तो विद्यार्थ्यांकडून मराठीत लिहून घेणारा शिक्षक नेमणे ही खर्चाच्या दृष्टीने इमारतीच्या रंगकामाहून मोठी बाब नाही. अडचण खर्चाची नसून काळाची आहे. जॉन मॅक १८२१ मध्ये श्रीरामपुरास पोहोचला आणि त्याचे बंगाली रसायन छापून निघाले ते १८३४ मध्ये. विश्वस्तांपुढे ठेवले जाणारे विकासाचे आराखडे बहुधा पाच वर्षांचे असतात.